सलीमभाईंच्या पीसीत ड्रायव्हर कोणी टाकला?

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर खोट काढायला वाचतो. कुणाला गच्चीवर बाई दिसली की मी म्हणणार, वाळत घातलेली साडी असेल. कुणाचा बंद रेडिओ वाजला की मी म्हणणार, लूज कनेक्शन. धंदाच तसा आहे माझा. वसमतला बसस्टँडच्या मागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं, एवढंच मला ठाऊक होतं. म्हणून हे लिहायला घेतलं आणि बरेच दिवस तसंच ठेवून दिलं. बायको म्हणाली, पाठवून टाका, कुणाला तरी कारण माहीत असेल.

जवळा बाजारला सलीमभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. कापडाच्या एका मोठ्या दुकानाच्या बराबर समोर. पुढे स्टुडिओ, मागे घर, मधे एक पडदा. घरात सलीमभाई आणि त्यांची आई. सगळा बाजार तिला चाची म्हणतो, मीही म्हणतो. आसपासच्या खेड्यांतल्या लग्नांचे, साखरपुड्यांचे अल्बम त्यांच्याकडेच होतात, हिंदूंचे आणि मुसलमानांचेही. सगळे फोटो एका पीसीवर असतात. लोकांनी आपल्या लेकीबाळींचे फोटो विश्वासाने दिलेले असतात, म्हणून त्या मशीनला सलीमभाई बाहेरच्या माणसाला हात लावू देत नाहीत. मी सोडून.

तर, विंडोजचा एक मोठा अपडेट आला आणि त्या पीसीचं तंत्र बिघडलं. कार्ड रीडर दिसेना, यूएसबी मधेच गायब, फोटो कॉपी करताना सगळं थिजून जायचं. मी गेलो. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनच्या सगळ्या भागांची यादी, उघडला तर बिघाडाच्या पिवळ्या खुणांची रांग. चिपसेटचा ड्रायव्हर उडालेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : मदरबोर्डवर प्रोसेसर, डिस्क, यूएसबी या सगळ्यांचं आपसात जमवून देणारा जो भाग असतो तो चिपसेट. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा छोटा प्रोग्राम, बसला नाही की घरात सगळे हजर, पण कुणी कुणाशी बोलत नाही अशी गत होते.

साधं काम होतं. पण बोर्ड अशा कंपनीचा की तिची वेबसाइटच बंद पडलेली. प्रोसेसरच्या कंपनीचं पॅकेज टाकलं तर ‘हा प्लॅटफॉर्म चालत नाही’ म्हणून बाहेर. विंडोजने सुचवलेला टाकला तर रिस्टार्टनंतर पुन्हा पिवळ्या खुणा. शेवटी हार्डवेअर आयडी जुळवून एक ड्रायव्हर शोधला, टाकला... आणि माउस-कीबोर्ड दोन्ही मेले. स्क्रीन चालू, पण हात घालायला जागाच नाही.

“सलीमभाई, आता असंच राहू द्या,” मी म्हणालो. “जुना गोल पिनचा कीबोर्ड दुकानात आहे, त्याला यूएसबी लागत न्हाई, तो घेऊन येतो. त्याशिवाय हे उलटवता येणार न्हाई.”

“लवकर या गजूभाऊ. गुंजकर पाटलांच्या पोरीचा अल्बम अडकून राहिला. पाटील रोज फोन करून राहिलेत.”

“परवा येतो. उद्या सासुरवाडीला जायाचंय.”

दुसऱ्या दिवशी मी वारंगा फाट्याला होतो. मेव्हण्याने तिथे रस्त्यालगत चहा-नाश्त्याचं हॉटेल टाकलं, त्याची पूजा होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच. नारळ मी फोडला, पहिल्या भज्यांच्या घाण्याला मीच उभा होतो, बायको अर्चना पूर्ण वेळ सोबत. फोटो आहेत. मेव्हण्याला तर प्रत्येक पाच मिनिटाला फोटो काढायची हौस. हे एवढं खुलासेवार का सांगतोय ते पुढे कळेलच.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कीबोर्ड पिशवीत टाकून निघणार तेवढ्यात सलीमभाईंचा फोन.

“गजूभाऊ, कमाल केली तुमी! एकदम मख्खन चालून राहिलंय. पाटलाचा अल्बम रातीच लावला.”

मला वाटलं, टोमणा आहे. “अहो, येतोच आहे. निघालोच.”

“आता कशाला? काल तर करून गेले.”

“काल मी वारंग्याला होतो.”

पलीकडे ते हसले. “काहून मजाक करून राहिले सकाळी सकाळी?”

गाडीवर पूर्ण रस्ता माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. सलीमभाईंनी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून ही थाप मारतायत. माझ्या धंद्यातले दोघं-तिघं नजरेसमोर आले. त्यातला एक तर माझी गिऱ्हाइकं फोडायला टपलेलाच आहे. जवळ्याला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडूनही घेतलं होतं.

पीसी खरंच मख्खन चालत होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकही पिवळी खूण नाही. चिपसेटच्या ड्रायव्हरचा व्हर्जन नंबर पाहिला. मी सगळीकडे शोधून थकलो होतो, पण हा नंबर कुठेच पाहिलेला नव्हता. तिथेच बसून मोबाइलवर शोधला. काही नाही. अँटिव्हायरस फिरवला, साफ. डिजिटल सही तपासली, तीही व्यवस्थित. मग टेबलाखाली शिरून कॅबिनेटची मागची बाजू पाहिली. गोल पिनच्या पोर्टमध्ये धूळ जशीच्या तशी, त्यावर कोळ्याचं जाळं. म्हणजे तिथे कुणी काही लावलेलंच नव्हतं. आता ज्यावरून मशीन सुरू करता येतं असा पेनड्राइव्ह घेऊन कुणी बसलं असतं तर हे जमलं असतं, नाही असं नाही. पण ड्रायव्हर? तो आणला कुठून?

“सलीमभाई, खरं सांगा. कोण आलं होतं?”

“अल्ला की कसम गजूभाऊ, तुमीच.” त्यांचा चेहरा आता हसरा नव्हता. “दुपारच्याला आले. हीच निळी पिशवी. बसले, काम केलं. मी म्हटलं चहा घ्या, तर न्हाई म्हणले. अम्मीनं पाणी दिलं.”

पडद्याआडून चाची बाहेर आली. “आरं, तूच तर होता. तोंड न लावता वरून पाणी पिला. तुझ्यावानीच.” ती माझ्याकडे नीट बघत राहिली. “जरा गप गप होता, एवढंच. मला वाटलं, घरी काही तकलीफ असंल.”

मी मोबाइल काढून वारंग्याचे फोटो दाखवले. हातात नारळ घेतलेला मी, कढईजवळ मी. सलीमभाईंनी फोटो मोठे करून पाहिले, मग फोन परत दिला. त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं - हा माणूस माझ्यापासून काहीतरी लपवतोय. आणि मलाही त्यांच्याबद्दल तेच वाटत होतं. इतक्या वर्षांची ओळख, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे चोराकडे बघावं तसं बघत होतो.

मी म्हटलं, “हे बघा, कोण होता ते मागून बघू. आधी हा ड्रायव्हर काढू, फोटो दुसऱ्या डिस्कवर घेऊ आणि मशीन फॉरमॅट मारू. यात काय घालून ठेवलंय कुणास ठाऊक.”

मी माउसला हात घातला तर सलीमभाईंनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

“न्हाई गजूभाऊ.”

“काहून?”

ते जरा घुटमळले. “तुमी... काल जो आला होता त्यानं जाताना सांगितलं. हा ड्रायव्हर काढू नका, अपडेट बंद ठेवा. म्हणला, मी स्वतः येऊन काढतो म्हटलं तरी काढू देऊ नका.”

माझा हात माउसवरच राहिला. चाचीने पदर डोक्यावर ओढला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायला लागली.

समोरच्या कापड दुकानाच्या दारावर कॅमेरा आहे. मीच बसवून दिलेला. दुकानदाराला म्हटलं, जरा कालचं रेकॉर्डिंग बघायचंय. सलीमभाई आणि मी काउंटरमागे उभे राहिलो. दुपारची गर्दी, भाजीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या बायका, एक बैलगाडी... आणि मग डाव्या बाजूने एक माणूस आला. चौकड्याचा शर्ट, खांद्यावर निळी पिशवी. स्टुडिओच्या पायरीवर चपला काढल्या, उजवी आधी, मग डावी, आणि आत गेला. तोंड पूर्ण वेळ दुसरीकडे. बाहेर येतानाही खाली मान. सलीमभाई पायरीपर्यंत सोडायला आलेले स्पष्ट दिसत होते, त्याच्याशी बोलत होते, हात हलवून निरोपही दिला.

“बघा,” सलीमभाई म्हणाले.

कापडवाल्याला आमचं काय चाललंय माहीत नव्हतं. तो म्हणाला, “काय बघायचंय त्यात? गजूभाऊ तुमीच तर चालले.”

माझी चाल मागून कशी दिसते हे मला माहीत नव्हतं. आपल्याला आपली पाठ कधी दिसते? तो मी आहे असं छातीठोक म्हणवत नव्हतं, आणि नाही म्हणायलाही काही सापडत नव्हतं. तसा चौकड्याचा शर्ट माझ्याकडे आहे. पण वारंग्याच्या फोटोत मी पांढऱ्या शर्टात आहे. मी मोबाइलने स्क्रीनवरची ती क्लिप काढून घेतली.

परत स्टुडिओत आलो तर दारात गुंजकर पाटील उभे. अल्बम न्यायला आले होते. आमचे चेहरे बघून त्यांनी विचारलं, “काय झालं? काय बघून आले तिकडं?”

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. पाटील मशीनकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. “काल इथं कोणी बसलं होतं म्हणं मशीनवर. रस्त्यानं जाताना आमच्या गड्यानं बघितलं. कोण व्हतं ते? माझ्या पोरीचे फोटो हायेत त्याच्यात, सलीम.”

आवाज चढलेला नव्हता. पण मला कळलं की आता जे उत्तर निघेल ते संध्याकाळपर्यंत पूर्ण बाजारात फिरणार. कोणीतरी अनोळखी माणूस स्टुडिओत बसून लेकीबाळींच्या फोटोंची डिस्क हाताळून गेला, आणि सलीमभाईंना त्याचं नावही सांगता येत नाही... त्यानंतर त्या दुकानात कोण पाऊल टाकेल? आणि त्यांच्या नावापुढे लोक काय काय जोडतील, तेही मला दिसत होतं. चाची पडद्याला धरून उभी होती. फक्त माझ्याकडे बघत होती.

“मीच होतो पाटील,” मी म्हणालो. “चिपसेटचा ड्रायव्हर टाकला. दुसरं कोणी न्हाई.”

पाटलांचा जीव भांड्यात पडला. “मग तसं सांगायचं ना बाबा. उगं डोक्याला ताप.” अल्बम घेऊन ते गेले.

चाचीने डोळे पुसले. सलीमभाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. पण त्या कृतज्ञतेतही एक गोष्ट होती जी मला आजतागायत सलते. ते हळूच म्हणाले, “आधीच कबूल केलं असतं गजूभाऊ, तर एवढं झालंच नसतं.”

म्हणजे त्यांना वाटलं, मी अखेर खरं बोललो.

घरी आलो. अर्चना ओट्यापाशी भाजी निवडत होती. तिला मी काही सांगितलंच नाही. मुद्दामच. नुसता मोबाइल पुढे धरला आणि म्हणालो, “हा माणूस कोण आहे, ओळखतेस?”

तिने क्लिप पाहिली. पाय उचलून पायरी चढणारा तो, उजवी चप्पल, मग डावी.

“कोण म्हणजे? तुम्ही,” ती म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली. “कुठलं आहे हे? जवळ्याचं का?”

“नीट बघ.”

“अहो, चौदा वर्षं मागून चालतेय तुमच्या. मी ओळखणार नाही?”

मग मी तिला दिवस आणि वेळ सांगितली. तेव्हा ती माझ्या शेजारी बसून मेव्हण्याच्या हॉटेलात भजी खात होती. तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. तिने पुन्हा क्लिप मागितली नाही, आणि मीही दाखवली नाही. रात्री झोपायच्या आधी तिने एकदा माझ्या कपाळावर हात ठेवला, ताप बघतात तसा, आणि बराच वेळ ठेवला.

नंतर मी सगळे तर्क लावून पाहिले. माझ्यासारखा दिसणारा कुणी? असेल, पण तो माझी पिशवी, माझी चाल, माझं पाणी पिणं कुठून शिकला? आणि एवढी मेहनत कशासाठी, एक पीसी दुरुस्त करायला? काही चोरायचं होतं म्हणावं, तर पुढे कुठल्याही फोटोचा कधी गैरवापर झाल्याचं ऐकू आलं नाही. धंद्यातल्या त्या माणसाला मी आडून विचारलं. त्याला त्या बोर्डचं नावसुद्धा माहीत नव्हतं. सलीमभाईंनी कट केला म्हणावं, तर चाची खोटं बोलणारी नाही, आणि माझ्या बायकोला तर त्यांनी कधी पाहिलेलंही नाही.

तो पीसी अजून चालतो. अपडेट बंद आहेत. मी जवळ्याला जातो, प्रिंटर बघतो, यूपीएस बघतो, पण त्या मशीनचा माउस सलीमभाई माझ्या हातात देत नाहीत. मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिला नसता. तो ड्रायव्हर काढला तर काय होईल, हे मला माहीत नाही. आणि ‘मी’ जर काढू नका म्हणून गेलो असेन, तर मला तेव्हा असं काय माहीत होतं जे आता नाही?

कुणाकडे याचं उत्तर असेल तर कळवा.

आता एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन आला, की कॉम्प्युटरला काय झालंय हे मी लगेच विचारत नाही. आधी विचारतो, “मी येऊन गेलो का तुमच्याकडे?” लोक हसतात. बहुतेक जण म्हणतात, न्हाई भाऊ, कुठं आले तुमी. आणि उत्तर द्यायला कुणी थोडा वेळ लावला, की मी आधी खाली बघतो, आज अंगात कुठला शर्ट आहे.