समुद्रात ओतलेलं शिळं पाणी

सदुसष्टाव्या वर्षी मी शिडाच्या होडीतून समुद्र ओलांडायला निघाले, तेव्हा नातीने एवढंच विचारलं, "आजी, तुला पोहता येतं?"

"येणार कसं? आमच्या कोरड्या कर्जतात घोटे बुडण्याएवढं पाणी दिसायला पावसाळा उजाडावा लागतो."

होडी माझ्या मैत्रिणीची. कॉलेजला असताना आम्ही तिघी संगमनेरला एका खोलीत राहायचो. त्यातली एक लग्न होऊन गोव्याला गेली, नवऱ्याबरोबर शिडं हाकारायला शिकली आणि तो गेल्यावरही होडी विकली नाही. तिला आम्ही कप्तान म्हणतो. दुसरी जन्मभर दवाखान्यात नोकरी केलेली, म्हणून सिस्टर. तिसरी मी, स्वयंपाकीण. गोव्याहून लक्षद्वीप, सात दिवसांत. कप्तानचे गुडघे आता ऐकत नव्हते. उन्हाळ्यानंतर ती होडी विकणार होती. म्हणजे ही फेरी चुकली की पुन्हा नाही, हे तिघींनाही ठाऊक होतं.

इंजिन होतं, पण डिझेल बेताचं, अडीअडचणीला आणि बंदरात शिरायला. बाकी सगळा वाऱ्याचा कारभार. वेग असा, की बैलगाडीवाल्याने थांबून विचारावं, "काय मावशे, सोडू का कुठं?" पहिले तीन दिवस मी निम्मा वेळ बादलीत तोंड घालून बसले होते. उरलेल्या वेळात खिचडी.

चौथ्या दिवशी सकाळी वारा पडला. शिड वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबायला लागलं. कप्तान पाणी बघायला खाली उतरली. प्यायच्या पाण्याचे वीस-वीस लिटरचे चार कॅन होते. होडीच्या पोटात टाकीही होती, पण तिच्या पाण्याला डिझेलचा वास. ते फार तर जीव वाचवायला.

खालून आवाज आला, "तीन कॅन रिकामे? अगं, आपल्यात उंट कोण आहे?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. रोज पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठत होते आणि गरगरत्या डोक्याने, उघड्या कॅनमधलं उरलेलं पाणी समुद्रात ओतून, कॅन खळबळून पालथा घालत होते. मग नवा उघडायचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं दिवसाचं पहिलं काम तेच: शिळं पाणी काढायचं, हंडा घासायचा, ताजं भरायचं. घरी ते शिळं पाणी तुळशीला, म्हशीला जातं. इथे ना तुळस, ना म्हैस.

"समुद्रात ओतलंस?" सिस्टर म्हणाली. "त्याला कमी पडलं होतं का ग?"

कप्तान हसली नाही. "पूर्वेला वळवते. इंजिनावर दीड दिवसात किनारा गाठू, बेटापर्यंत डिझेल पुरायचं नाही. बेटावर उतरायच्या परवान्याची तारीख मात्र जाईल. संपलं."

खरं सांगते, ही चूक मी आयुष्यात दुसऱ्यांदा केली. पहिल्यांदा ती करणारी बावीस वर्षांची ठोंबी, म्हणजे मीच, डोळ्यांसमोर उभी राहिली. माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगरातलं, दारातून ओहोळ वाहायचा. लग्न होऊन कर्जताच्या कोरड्या रानात आली आणि दुसऱ्याच सकाळी, सासरी कौतुक व्हावं म्हणून, दोन हंडे शिळं पाणी अंगणात ओतून मोकळी. तांबं चिंचेने असं चकाकवलं, की त्यात स्वतःचं तोंड बघत उभी राहिली, शाबासकीची वाट पाहत.

सासूबाई ओल्या अंगणाकडे बघत राहिल्या. "पानी वतलंस व्हय?"

"शिळं होतं."

"हितं पानी शिळं हुत न्हाई, सूनबाई. संपतं." आणि त्यांनी एक तांब्या पुढे ठेवला. "ह्यात दिस काढायचा."

ठोंबी रडली, म्हणजे होतं ते पाणीही घालवलं. पण हट्टी होती. दिवस काढला. संध्याकाळी तांब्यात दोन घोट उरले होते. सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं.

"वळवू नकोस," मी कप्तानला म्हटलं. "पाणी माझ्या ताब्यात दे."

"तुझ्या? ज्या हातांनी ओतलंस त्या?"

"त्याच. ओतल्यावर काय करायचं, हे त्यांनाच येतं."

तिने उरलेला कॅन माझ्याकडे सरकवला. "उद्या दुपारपर्यंत वारा आला तर पुढे. नाही तर मी वळणार, मग तू रड नाही तर ओरड."

"रडणार नाही. पाणी जातं."

मग माझा अंमल सुरू झाला. माणशी एक बाटली, सकाळी भरून द्यायची, संध्याकाळपर्यंत पुन्हा मागायची नाही. घोट घेतला की तोंडात धरायचा. भातात एक वाटी समुद्राचं पाणी आणि दोन वाट्या गोडं, मीठ वाचलं. भांडी खाऱ्यात. ऊन चढलं की ओलं फडकं मानेवर टाकून सावलीत गप पडायचं. गप्पा बंद, कारण बोलून घसा सुकतो. सिस्टर दर दोन तासांनी आमच्या जिभा तपासायची आणि पुटपुटायची, "सासू परवडली." चहा फक्त सकाळी, तिघींत एक कप. त्यावरून दोघी माझ्याशी जवळजवळ भांडल्या. मी कॅनवर बसूनच राहिले.

दुसऱ्या दिवशी कप्तान इंजिनापाशी जाऊन उभी राहिली. "दुपार झाली."

"कुठे झाली? सावली अजून पायाखाली आली नाही."

तिने सावली पाहिली, मला शिवी दिली आणि खाली बसली. ती सावली पायाखाली यायच्या आत शिडाचं एक टोक हललं. आधी टोक, मग निम्मं, मग सगळं शिड पोट भरल्यासारखं फुगलं. कप्तान गुडघे विसरून सुकाणूकडे धावली.

आठव्या दिवशी, परवान्याची तारीख संपायच्या दिवशीच, बेट दिसलं. धक्क्याला लागलो तेव्हा कॅनमध्ये तांब्याभर पाणी उरलं होतं. धक्क्यावर एक माणूस ताज्या पाण्याची कळशी घेऊन उभा होता. कप्तानने डोळे मिचकावले. "हं, आता ओत तुझं शिळं."

मी कॅन मांडीवर घेतला आणि तीन पेल्यांत सारखं वाटलं. कोमट होतं, प्लास्टिकचा वास येत होता. तिघी सावकाश, तोंडात धरून धरून प्यायलो. कळशीवाला उभा होता तो उभाच राहिला.