पणजीची बेकरी

ओमानमधल्या सोहारच्या पोलाद कारखान्यात माझ्यासोबत एक इटालियन इंजिनिअर आहे. एकदा जेवताना त्याने आपल्या पणजीची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कमध्ये इटालियन लोकांच्या वस्तीत तिची बेकरी होती. तिच्याच मुलखातून आलेले गुंड तिथे हप्ता मागत. पणजीने नकार दिला, तेव्हा त्यांनी बेकरी पेटवली. पोलिसांत जायची कुणाची छाती नव्हती. ती मात्र शेजारणींना घेऊन चौकीत गेली आणि गुंडांची नावं सांगून आली. ते तुरुंगात गेले. तिने पुन्हा भट्टी लावली.

"तिला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"खूप वाटली. म्हणून तर शेजारणींना नेलं," तो म्हणाला.

परक्या देशात आपल्याच माणसांविरुद्ध तोंड उघडणं किती अवघड, हे मला इथे राहून कळलंय. त्या बाईला मी मनोमन हात जोडले.