सांब्याची कवायत

"आता तिचा आवाजही लायनीवर घ्या," प्रोड्युसर म्हणाला. "ती ठोक्याच्या मागं पडतेय असं ऐकू येतंय. सातही गाण्यांत."

मी "येस सर" म्हणालो. एकवीस वर्षं फौजेत काढली की हे दोन शब्द तोंडातून आपोआप निघतात. फोन ठेवला, पण ते मनाला पटलं नाही. कारण ती मागं पडत नव्हती. आठवड्यापूर्वीपर्यंत तर नव्हतीच.

मी मिलिटरी बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो. रिटायर झाल्यावर साताऱ्यात एक छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ टाकला. खाली टायरचं दुकान, वर मी. देवीची गाणी, लग्नाची गाणी, गॅदरिंगचे ट्रॅक, जे येईल ते करतो. शिवाय इंटरनेटवरून बाहेरचं एडिटिंगही घेतो. एडिटिंग म्हणजे दुसऱ्यानं रेकॉर्ड केलेलं गाणं कॉम्प्युटरवर नीटनेटकं करायचं. ताल सरळ करण्यात माझा हात बरा, असं गिऱ्हाईक म्हणतात. बँडमास्तरच्या शिव्या खाऊन आलेलं शहाणपण आहे ते.

हे काम आलं ब्राझीलहून, त्या प्रोड्युसरकडून; आमचं सगळं बोलणं इंग्रजीतून चालायचं. गाणारी बाई रोझेली. वय पंचेचाळीसच्या पुढं, गावातल्या शाळेत शिक्षिका. वीस वर्षं शनिवार-रविवार हॉटेलांत गात आली आणि आता कुठं तिचा पहिला अल्बम होत होता. नऊ गाणी. सात सांबा आणि जॅझच्या मिश्रणाची, दोन पॉप वळणाची. सांबा म्हणजे त्यांच्याकडचं नाचाचं संगीत. आपल्याकडे हलगी सुरू झाली की पाय जागेवर राहत नाहीत, तसंच तिकडे सांब्याचं.

पहिलं गाणं लावलं आणि समोरचा चहा तसाच राहिला. आवाज मोठा नाही. शेजारी बसून बोलल्यासारखी गाते. मला भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती कुणाची तरी समजूत घालतेय एवढं कळलं. पियानो सतत रंग बदलत होता, पण ही बाई जराही गडबडत नव्हती. ठोका येऊन जायचा, मग ती सावकाश यायची, आणि ओळ संपताना मात्र बरोबर वेळेवर पोचलेली असायची. मी आयुष्यभर तालात राहिलो, पण तालाशी एवढी सलगी मला कधी जमली नाही.

माझं काम होतं तिच्या साथीच्या पांडेरोचं. पांडेरो म्हणजे मोठी खंजिरीच, कडेला पत्र्याच्या चकत्या. वाजवणारा तिच्या गल्लीतला म्हातारा. वीस वर्षं तोच तिच्या साथीला. प्रोड्युसरचं म्हणणं, म्हाताऱ्याचा हात वेडावाकडा पडतो. तो सरळ झाला तर ठेवू, नाहीतर मशिनचा ताल घालू. रोझेलीला म्हातारा हवाच होता, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर समान अंतरावर उभ्या रेघा असतात. त्याला ग्रिड म्हणतात. प्रत्येक ठोका एका रेघेवर पडायला हवा. नसला तर तो ओढून रेघेवर आणतात, त्याला क्वांटाइझ करणं म्हणतात. म्हाताऱ्याच्या चार ठोक्यांतले शेवटचे दोन रेघेच्या जरा आधी पडत होते. मी तीन दिवस बसून नऊच्या नऊ गाणी सरळ केली. शेवटी पडद्याकडं बघितलं तर ठोके परेडला उभे राहिल्यासारखे एका ओळीत. माझी छाती फुगली. प्रोड्युसरही खूश झाला. तेवढ्यापुरता.

कारण आता रोझेली चुकलेली ऐकू यायला लागली. तिचा आवाज मी हातही न लावता तसाच ठेवला होता. तरी ती उशिरा येतेय, अडखळतेय असं वाटायचं. म्हणून हा नवा हुकूम, तिलाही लायनीवर घ्या.

दुसऱ्या दिवशी औंधचे किसनराव गोंधळी रेकॉर्डिंगला आले. यमाईची गाणी करायची होती. ते आले तेव्हा मी रोझेलीचं मूळ गाणं पुन्हा ऐकत बसलो होतो. पिशवी खाली ठेवता ठेवता ते थांबले.

"कोण वाजिवतंय हो ह्ये?"

"ब्राझीलचा हाय एक म्हातारा."

"हात लय गोड हाय त्येचा."

त्यांनी दिमडी काढली. दिमडी म्हणजे जागरण-गोंधळात वाजतं ते छोटं चामडी वाद्य. मांडी घालून त्यांनी साथ धरली, जणू दोघं एकाच जत्रेतून आलेत. मी गंमत म्हणून, काही न सांगता, माझं सरळ केलेलं गाणं लावलं. पाच-सात ठोक्यांत किसनरावांचा हात थांबला.

"का थांबलासा?"

"वाजवू कुठं? जागाच न्हाई ठेवली. मगाचा माणूस चालत हुता, ह्यो कवायत करतोय." त्यांनी डोळे मिटून अजून थोडं ऐकलं. "आन बाई बिचारी त्येच्या भरवशावर गात हुती. भरवसाच काढून घेतलाय कुणीतरी. ह्यो दुसरा वाजिवणारा कोण?"

"मी," म्हणालो.

किसनरावांनी दिमडी खाली ठेवली. "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाले, आणि गालातल्या गालात हसले. "बँडवाल्याला कसं जमायचं त्ये."

ते गेल्यावर मी पडदा बंद केला आणि मूळ गाणी नुसती ऐकली. म्हाताऱ्याचे ते दोन ठोके लवकर पडायचे खरे, पण प्रत्येक वेळी तेवढेच लवकर. चूक अशी नेमानं होत नसते. तो ठोके लवकर टाकून तिला मागं जागा करून देत होता आणि ती त्या जागेत रेलून गात होती. मी ती जागाच बुजवली होती. खरं सांगतो, मला स्वतःची लाज वाटली. इतकं चांगलं वाजवणाऱ्याला मी सरळ उभं राहायला शिकवत होतो.

सांब्याच्या सातही गाण्यांतलं माझं काम मी पुसून टाकलं. चार ठिकाणी म्हाताऱ्याचा हात खरोखर घसरला होता, तेवढं दुरुस्त केलं आणि गाणी पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे त्यांच्या सकाळी, व्हिडिओ कॉल लागला. प्रोड्युसर होता, रोझेली होती.

"हे तर जुनंच आहे," प्रोड्युसर म्हणाला.

"होय सर. चार चुका काढल्यात. बाकीची चूक माझी होती, तीही काढली."

"मी तुम्हाला एडिटिंगला घेतलंय, सल्ला द्यायला नाही. रेडिओवर हे ढिलं वाटेल."

फौजेत असतो तर 'येस सर' म्हणालो असतो. पण मी म्हणालो, "सर, तिचा आवाज मी सरळ करणार नाही. तुम्ही दुसरा माणूस बघा."

तेवढ्यात रोझेली बोलली. "आठ दिवस मला वाटत होतं माझा आवाज गेला. रोज ऐकायचे, रोज मीच चुकलेली. आज मी तुम्हाला दोघांना सांगणार होते, हा अल्बम बंद करा म्हणून."

वीस वर्षं वाट बघितलेली बाई माझ्या तीन दिवसांच्या टापटिपीपायी घरी बसणार होती.

तिनं तिच्याकडे मूळ ताल लावला आणि एक गाणं तिथंच बसून म्हटलं. एक हात टेबलावर, डोळे खिडकीबाहेर. एवढ्या लांबून, कॉम्प्युटरच्या फुटकळ स्पीकरवर, तरी माझ्या अंगावर काटा आला. प्रोड्युसरनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "सात अशीच राहू देत. पॉपची दोन मात्र सरळच हवीत." तिथं त्याचं बरोबर होतं. त्या दोन गाण्यांना सरळ ताल शोभतो, आणि रोझेलीनंही ते मान्य केलं.

अल्बम आला. म्हाताऱ्याचं नाव रोझेलीच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत आहे, आणि अगदी शेवटी एडिटिंगमध्ये माझं. ज्या सात गाण्यांना लोक वाखाणतात, त्यांत माझं काम जवळपास काहीच नाही. त्या अल्बमचा मला जेवढा अभिमान वाटतो, तेवढा दुसऱ्या कुठल्याच कामाचा वाटत नाही.

आता नवं काम आलं की आधी पडदा बंद करून गाणं पुरतं ऐकतो. निम्म्या वेळा कळतं, इथं काहीच करायची गरज नाही. एखादा ठोका ओढून सरळ करायला दोन मिनिटं लागत नाहीत. न करता बसायला मात्र मला आजही त्रास होतो.