जोत्यातले झरोके

ओद्नीचे पाय बारा महिने गार असायचे. ती वाढली बाहेरच्या उघड्या बेटांवर, जिथे औषधालाही झाड सापडत नाही. बाप मासेमार. हेरिंगचा हंगाम आला की बेटावरच्या सगळ्या पोरी धक्क्यावर मासे खारवायला उभ्या, घोट्यापर्यंत मिठाच्या पाण्यात. तेव्हा जो गारठा पायांत शिरला तो पुन्हा निघालाच नाही. सिगूर्दशी लग्न करून ती हार्डांगरच्या खाडीत अगदी आत, सफरचंदांच्या बागांच्या गावात आली. पहिले काही दिवस तिला झाडांचीच धास्ती वाटली. इतकी झाडं, त्यांच्यामागे डोंगर, आणि समुद्र कुठून आत येतो तेच दिसत नाही.

"इथवर येईपर्यंत समुद्र दमलेला असतो, बेटवाले," सिगूर्द म्हणायचा. "तुला भिववायची ताकद उरत नाही त्याच्यात."

सिगूर्द फेरीबोटीवर इंजिन सांभाळायचा. घर त्याच्या आजोबांनी बांधलेलं. खाली दगडी जोतं, वर ओंडक्यांच्या भिंती, बाहेरून पांढरा रंग. फळ्यांच्या जमिनीखाली माणूस सरपटत जाईल एवढी पोकळी होती आणि जोत्याला चारी बाजूंनी तळहाताएवढे झरोके होते. त्यांतून खाडीवरचा वारा एका अंगाने शिरायचा आणि दुसऱ्या अंगाने निघून जायचा. सिगूर्दचे वडील हिवाळ्याच्या तोंडाला झरोक्यांत शेवाळाचे बोळे कोंबायचे आणि बर्फ वितळलं की आठवणीने काढायचे. ते गेल्यावर हे कुणी करेना. वारा थेट फळ्यांच्या फटींतून वर यायला लागला.

ओद्नीने तक्रार केली नाही. दोन-दोन लोकरी मोजे चढवून ती स्वयंपाक करायची. लेक मारित पोटात होती त्या हिवाळ्यात एकदा सिगूर्द पहाटेच्या फेरीवरून लवकर परतला. पाहतो तर बायको लाकडांच्या शेगडीचं दार उघडून, पाय त्यात धरून बसलेली, आणि मांडीवर बटाटे सोलणं चाललेलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो ढकलगाडीवर सिमेंटचं पोतं घेऊन आला.

पाणी ओद्नीने आणलं. फळीवर सिमेंटही तिनेच कालवलं. सिगूर्द गुडघ्यांवर बसून एकेक झरोका बुजवत गेला, शीळ घालत. शेवटचा झरोका बुजवल्यावर त्याने थापीने दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "आता बघ."

शिवाय घरातल्या सगळ्या फळ्यांवर त्याने लिनोलियमचं जाड, हवाबंद आच्छादनही अंथरलं. त्या हिवाळ्यात ओद्नी साध्या सुती मोज्यांवर घरभर फिरली. दुकानात बायकांना सांगायची, "माझ्या नवऱ्याने मला घरात उन्हाळा बांधून दिलाय." बायका डोळे मिचकावायच्या, तरी तिचं सांगणं काही थांबायचं नाही.

वर्षं चांगली गेली. मारित मोठी झाली, बर्गनला एका दंतवैद्याकडे कामाला लागली. सिगूर्द निवृत्त व्हायला थोडे दिवस राहिले असताना धक्क्यावर, हातात दोर असतानाच, छाती धरून खाली बसला आणि उठला नाही. ओद्नी रडली, सावरली आणि एकटी राहू लागली. पण बोलताना ती त्याला कधी 'होता' म्हणाली नाही. "सिगूर्दला हे चीज आवडत नाही." "सिगूर्द म्हणतो, पाऊस आठवडाभर राहील." नवख्या माणसाला वाटावं, म्हातारा आत झोपलाय.

मग एका शरद ऋतूत धूळ सुरू झाली.

दालचिनीच्या पुडीसारखी बारीक, तांबूस धूळ. खिडकीच्या चौकटीवर, कपांच्या कडांवर, अंथरुणावरसुद्धा. सकाळी पुसावं तर दुपारच्या कॉफीपर्यंत पुन्हा बसलेली. पलीकडच्या डोंगरात रस्त्यासाठी बोगदा फोडत होते, त्याचीच असेल असं तिला वाटलं. पण शेजारी तर धूळ नव्हती.

मारित नाताळला आली तेव्हा तिने कपाटावरून बोट फिरवलं.

"आई, हे काय?"

"आज सकाळीच पुसलंय गं."

"आज?" मारितने बोट पुढे केलं. "हे आजचं आहे?"

"मग काय खोटं बोलते मी?"

"खोटं म्हणत नाही. विसरतेस, एवढंच म्हणते. आणि घरात वास येतोय, कळतो का तुला? खिडक्या तरी उघडत जा. एवढी टापटिपीची तू, आणि घर बघ काय करून ठेवलंयस."

ओद्नीला वर बघवेना. आयुष्यात तिला कुणी घाणेरडी म्हटलं नव्हतं. मारित गेल्यावर ती फडका हातातच घेऊन वावरू लागली. कप पालथे ठेवायला लागली, कपाटांवर वर्तमानपत्र टाकायला लागली. बायकांना कॉफीला बोलवणं तिने हळूहळू बंद केलं. कधी वाटायचं, खरंच आपण पुसलं का? की पुसलं असं फक्त वाटलं?

वसंतात एका सकाळी ती मोरीपाशी उभी असताना डावा पाय मऊ पडला. लिनोलियम खाली दबलं, जणू खाली लोणी आहे. बाजूचं कपाटही भिंतीपासून कललेलं होतं. ते तिला तेव्हाच दिसलं.

तिने हेल्गेला बोलावलं. पोरसवदा वयात हेल्गे फेरीवर सिगूर्दच्या हाताखाली होता, मग सुतार झाला, आणि आता विमा कंपनीच्या वतीने खाडीकाठची कुजकी घरं तपासत हिंडायचा. त्या दिवशी मारितही आली होती. आईला आता शहरात न्यावं हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

हेल्गेने उंबऱ्यातच नाक वर केलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने मोरीपाशी लिनोलियम कापून उलटलं. खालची फळी चौकोनी तुकड्यांत तडकली होती. बोटाने दाबताच तुकडे भुकटी होऊन गेले. त्याने दोन फळ्या उचकटल्या आणि बॅटरी खाली धरली. खाली परातीएवढं मांसल काहीतरी पसरलं होतं, मधे गंजासारखं तांबडं, कडेला पांढरं, आणि कडेवर पाण्याचे थेंब. त्यातून करड्या दोऱ्या निघून जोत्याच्या दगडांवर चढल्या होत्या.

"अळंबी?" मारित म्हणाली.

"घरबुरशी. धूळ बसते का घरात? तांबूस?"

मारितची नजर कपाटावर टाकलेल्या वर्तमानपत्राकडे गेली.

"हिचं बी असतं ते. हवेत उडतं. पुसून सरत नाही. दिवसरात्र झडत असतं."

मारित आईकडे वळली. ओद्नी मोरीच्या कठड्याला धरून उभी होती.

"आई," मारित म्हणाली, "मी तुला काय काय बोलले."

"असू दे," ओद्नी म्हणाली. आपण पुसत होतो, हे खरं होतं तर.

हेल्गेने फळ्या पुन्हा जागी ठेवल्या आणि तो टेबलाशी बसला. ओद्नीने सवयीने कॉफी ठेवली.

"जंगलात लाकडावर शेकड्यांनी बुरशी असते," तो म्हणाला. "बर्चची वेगळी, पाइनची वेगळी. पडलेलं झाड त्या खातात, नाहीतर पाय ठेवायला जागा राहिली नसती. पण ही इथल्या जंगलात कुणाला सापडत नाही. ही आपल्या घरांतच राहते. रानात म्हणे हिमालयाच्या बाजूला मिळते. जहाजाच्या लाकडातून आली असणार कधीतरी."

"एवढ्या लांबून," ओद्नी म्हणाली. "आणि नेमकी माझ्याकडे."

"या किनाऱ्यावर बऱ्याच घरांत आहे. थोडी ओल, थोडा चुना, आणि वर न हलणारी हवा, एवढं मिळालं की पुरे. मग दोऱ्यांनी पाणी ओढत भिंतीतूनही जाते."

तो घराभोवती फेरी मारायला बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याने कॉफी उचलली, पण तो ती प्यायला नाही.

"कशामुळे झालं हे?" मारितने विचारलं.

"जुनं घर आहे. मोरीचा नळ थोडा गळतोय. आणि पाऊस किती इकडे, तुला माहीतच आहे."

"हेल्गे," ओद्नी म्हणाली, "जोतं पाहिलंस ना?"

त्याने कपात बघितलं. "पाहिलं."

"मग सांग तिला."

"ओद्नी, त्या काळी सगळेच बुजवायचे. माझ्या बापानेही बुजवले."

"तुमचं घर उभं आहे."

"आमचा नळ गळला नाही, एवढंच."

"झरोके तुझ्या बाबांनी बुजवले," ओद्नी मारितला म्हणाली. "माझे पाय गार पडायचे म्हणून. सिमेंट मी कालवून दिलं." ती उठली आणि कुणाला नको असताना सगळ्यांच्या कपांत आणखी कॉफी ओतू लागली.

हेल्गेने पुढचे काही दिवस भिंती टोचून पाहिल्या. दोऱ्या जिन्यापर्यंत आणि माजघराच्या ओंडक्यांत पोचल्या होत्या. घर वाचण्यातलं नव्हतं. हे सांगायला तो सकाळी आला, तर ओद्नी घराच्या मागच्या बाजूला पोत्यावर गुडघे टेकून बसलेली. हातात सिगूर्दची छिन्नी आणि हातोडी. एक झरोका तिने अर्धा फोडला होता, बोटांची सालं निघाली होती.

"आता उपयोग नाही, ओद्नी."

"माहीत आहे मला."

तो शेजारी गुडघे टेकून बसला आणि तिच्या हातातून हातोडी घेतली. दोघांनी मिळून चारी बाजूंचे झरोके उघडे केले. सिमेंट कडक होतं. सिगूर्दचं काम कच्चं नसायचं. दुपार झाली तेव्हा वारा आत शिरल्याचा बारीक आवाज आला. ओद्नी तळहात झरोक्यापाशी धरून बसली होती. हेल्गेने तिला तशीच बसू दिलं आणि तो हत्यारं गोळा करू लागला.

अशी घरं तिकडे अग्निशमन दलाला सरावासाठी देतात. सप्टेंबरात, वारा पडलेला पाहून, त्यांनी दिवस ठरवला. मारित म्हणत होती की आईने येऊ नये. ओद्नी आली. बागेच्या कुंपणापाशी हेल्गेच्या गाडीत, काच खाली करून बसली. गावातल्या बायकांनी थर्मास आणि गोड वॉफल आणले होते, कारण रिकाम्या हातांनी यायचं कुणाला सुचलं नाही. दलाचा प्रमुख टोपी काढून गाडीपाशी आला.

"आम्ही पोरांना सांगितलंय, हसायचं नाही म्हणून."

"हसू दे की," ओद्नी म्हणाली. "शिकायला आलीत ती."

आग आधी स्वयंपाकघरात लावली. ओंडके जुने, बराच वेळ नुसता धूर आला. मग छप्पर एकदम पेटलं आणि उष्णता कुंपणापर्यंत आली. एका बाईने ओद्नीच्या हातात कप दिला. घर आत कोसळलं तेव्हाही तो तिने धरूनच ठेवला होता. ती रडली नाही. "बरं," एवढंच म्हणाली, आणि काच वर केली.

बर्गनला ती मारितच्या मागच्या खोलीत राहिली. जेवण चांगलं, डॉक्टर जवळ, तक्रारीला जागा नव्हती. पण तिने सिगूर्दचं नाव घेणं सोडलं. शेजारणी विचारायच्या, नवरा काय करायचा? "फेरीवर होता," ती म्हणायची आणि विषय बदलायची. मारित मुद्दाम बाबांची एखादी गोष्ट काढायची, चुकीची सांगायची, म्हणजे आई ती दुरुस्त करील. आई ऐकून घ्यायची आणि विणकाम पुढे चालू ठेवायची. त्याच्याबद्दल चांगलं बोलावं तर पहिल्यांदा तोंडात यायचा तो गरम जमिनीचा हिवाळा, आणि तेच आता बोलवत नव्हतं. वाईट तर ती बोललीच नसती. मग उरायचं गप्प राहणं. मारित एकदा फोनवर हेल्गेला म्हणाली, "बाबा दुसऱ्यांदा गेले असं वाटतं."

तिसऱ्या हिवाळ्यात ओद्नी न्यूमोनियाने गेली. तिला खाडीकाठी, सिगूर्दशेजारी पुरलं. वाऱ्यामुळे फेरी उशिरा आली होती आणि पाद्री थंडीत थांबून राहिला होता. चर्चच्या दालनात सगळ्यांची कॉफी झाल्यावर हेल्गेने विचारलं, "घराची जागा पाहायची का? गाडी आहे."

"नको," मारित म्हणाली. "बोट चुकेल."

त्याने तिला धक्क्यावर आणलं. बोट अजून पलीकडच्या काठाला होती. दोघं गाडीतच बसून राहिले.

"मी विचारलं नसतं तर झरोक्यांचं तू सांगणार नव्हतास ना?" मारितने विचारलं.

"विचारल्यावरही सांगणार नव्हतो. ऐकलंस ना तू."

"न सांगितलेलं बरं झालं असतं?"

हेल्गेने काचेवरची वाफ बाहीने पुसली. "तिला माहीत होतं, मारित. मी हवेचं बोललो तेव्हाच तिच्या चेहऱ्यावर दिसलं मला. माझं तोंड बंद राहिलं असतं तरी ती तेच घेऊन बसली असती, फक्त एकटी."

"एकटीच तर बसली," मारित म्हणाली.

पलीकडून बोट निघाल्याचा भोंगा झाला. तिने पिशवी उचलली, त्याचा हात हातात घेतला आणि उतरून पावसातून रांगेत जाऊन उभी राहिली.