प्रल्हादची मांडी

“मांडी घालून बसता येतं का?” विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं. त्यांना ‘नाही’ हेच उत्तर अपेक्षित होतं.

“हाव साहेब, मस्त बसतो!” माझा अशील प्रल्हाद म्हणाला.

मी कपाळावर हात मारला.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी बुलढाण्याच्या कोर्टात वकिली करत होतो. उंद्रीचा प्रल्हाद कापसाची गाडी घेऊन निघाला असताना मागून ट्रकने धडक दिली. मोडलेलं हाड जुळलं, पण उजवा गुडघा वाकेना. निंदण, धार काढणं, शेतातली निम्मी कामं उकिडवं बसूनच होतात. ती सगळी बंद झाली. भरपाई म्हणजे काही बक्षीस नव्हे, हातून गेलेल्या कामाची ती किंमत असते. म्हणजे आमची अख्खी केस त्या गुडघ्यावर उभी होती. आणि हा बाबा म्हणतो, मस्त बसतो!

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. साक्ष अर्धी असताना साक्षीदाराला पढवता येत नाही, पण रागवायला मनाई नाही. मी त्याला लिंबाखाली गाठलं.

“काय रे, डोकं फिरलं का तुझं?”

“वकीलसाहेब, मांगच्या बाकावर लाल फेटेवाले बसले ना, ते अमडापूरचे पावणे. त्याइच्या पोरीसंगं माही सोयरीक होऊन राह्यली. पोरगी पाह्याले गेलो तं मी दाराशी उभाच राह्यलो. म्हटलं, मले उभ्यानंच बरं वाटते.”

“आणि त्यांना कोर्टात कोणी बोलावलं?”

“मीच. म्हटलं, साहेबापुढं फाडफाड बोलताना पाह्यलं, तं पोरगा हुशार वाटन.”

मला त्याचा संताप आला आणि कीवही आली. भरपाई मिळवायची तर पाय अधू दाखवायचा, बायको मिळवायची तर धडधाकट, आणि दोन्ही एकाच खोलीत!

सुट्टीनंतर जज्जसाहेबांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाहिलं, मग प्रल्हादकडे पाहिलं. “डॉक्टर म्हणतात गुडघा वाकत नाही. तुम्ही म्हणता वाकतो. बसून दाखवा.”

शिपायाने सतरंजी अंथरली. प्रल्हाद धप्पकन बसला. डावा पाय दुमडला, उजवा गाडीच्या दांडीसारखा सरळ जज्जसाहेबांच्या दिशेने. त्याने दोन्ही हातांनी गुडघा दाबला, दात-ओठ खाल्ले. पाय इंचभर हलला.

“बसलो, साहेब!” डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू.

“छान. आता उठा.”

प्रल्हादने इकडे रेटा दिला, तिकडे दिला. मग म्हणाला, “साहेब, जरा इथंच बसतो. गार वाटून राह्यलं.”

“मला पुढची केस घ्यायची आहे,” जज्जसाहेब म्हणाले.

शेवटी एक बगल मी धरली, दुसरी विमा कंपनीच्या वकिलांनी. आम्ही ओढलं, तो उठला आणि थेट त्यांच्या अंगावर कोसळला. ते टेबलावर आदळले, फायली जमिनीवर. तेवढ्यात मागून लाल फेटा लंगडत आला आणि पाहुण्यांनी प्रल्हादला कमरेला धरून उभं केलं.

“काऊन लपवून राह्यले होते, जावईबापू?” ते सगळ्या कोर्टादेखत म्हणाले. “माहे दोन्ही गुडघे कवाचेच गेले. तुमी पोरगी पाह्याले आले, तवा मी खाटेवरून उठलो का? तुमी उभे, मी खाटेवर. मले वाटलं, तुमी माहे गुडघे ओळखले!”

जज्जसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. बराच वेळ काढला नाही.

मग त्यांनी विमा कंपनीच्या वकिलांना विचारलं, “गुडघ्याबद्दल काही म्हणायचंय?”

ते कोट झटकत होते. “साहेब, मी स्वतः उचलला. आता कोणत्या तोंडाने म्हणू, ठणठणीत आहे?”

मागितलेली भरपाई पूर्ण मिळाली. त्यातून प्रल्हादने उंद्रीत किराणा दुकान टाकलं, गल्ल्यामागे उंच स्टूल ठेवून. लग्नात सगळी पंगत जमिनीवर बसली. दोघंच खुर्चीवर होते, जावई आणि सासरे. मला तिसरी खुर्ची देत होते. मी म्हटलं, नको, मला मांडी घालता येते.

तेव्हापासून अपघाताचा दावा आला की मी हाडांचं नंतर विचारतो. आधी विचारतो, “घरात कोणाची सोयरीक चालू आहे का?”