खिडकीजवळची कॉट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वहिनींना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. इथे नाव न देता लिहिता येतं म्हणून लिहितोय. घरातल्यांची नावं बदलली आहेत.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. अंबरनाथच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे मी. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं – सापडलं नाही म्हणजे आपण नीट शोधलं नाही, एवढंच. या सदरातले अनुभव मी डबा खाता खाता वाचायचो आणि शेजारच्याला वाचून दाखवून हसायचो.

आम्ही चिखलोलीला राहतो, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये. स्टेशन होणार म्हणून फ्लॅट घेतला. घरात मी, मनीषा, शर्वरी – तेव्हा नऊ वर्षांची – आणि सहा वर्षांचा ओजस. माझा मोठा भाऊ, दादा, बदलापूर गावातल्या घरी राहायचा. तो अचानक गेला, हार्टने. मागे वहिनी आणि त्यांची मुलगी प्रांजल. वहिनी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला जातात. दादाच्या बाराव्याला जमलेल्या माणसांसमोर मी म्हणालो होतो, "आजपासून मला तीन मुलं." कुणी म्हणायला लावलं नव्हतं. मीच म्हणालो.

मग आमचं युरोपला जायचं ठरलं. सात शहरं आठ दिवसांत असलं काही नको, मुलं दमतात – एकच शहर, सावकाश. कुठलं, यावर घरात महिनाभर वाद. तोडगा काढला अकरा वर्षांच्या प्रांजलने. वहिनींच्या फोनवर व्हिडिओ बघून बघून ती म्हणाली, "काका, प्राग. ओजसला किल्ला, शर्वरीला ट्राम, काकूला जुना बाजार. आणि सगळं चालत." माझं काय, विचारलं तर म्हणाली, "तुम्ही बॅगा धरा."

त्या दिवाळीत तिघांनी बदलापूरच्या घरासमोर किल्ला केला. आमच्या सोसायटीत माती चालत नाही. दादा होता तेव्हा दरवर्षी तोच मुलांना घेऊन करायचा – कधी रायगड, कधी प्रतापगड. या वर्षी प्रांजलने प्रागचा किल्ला केला. खाली निळ्या रांगोळीची नदी, त्यावर खापऱ्यांचा पूल, चौकात पुठ्ठ्याचं घड्याळ. उतारावर अळीव पेरलेलं. शेजारचे तात्या बघायला आले.

"हा कुठला गड गं?"

"प्राग."

"पनवेलच्या पुढं आला काय?"

मुलं पोट धरून हसली. ओजसने महाराज नेऊन सगळ्यात वरच्या बुरुजावर बसवले. शर्वरी म्हणाली, तिथे महाराज नसतात रे. तो म्हणाला, "आता आहेत."

नदीकाठी एक काडेपेटी होती. ते आमचं हॉटेल. शर्वरीने ती सरळ ठेवली होती, प्रांजलने वाकडी केली. "खिडकी किल्ल्याकडे पाहिजे. मी खिडकीत झोपणार." पुलावर तिने पाच मावळे उभे केले. हे काका, ही काकू, हे आम्ही तिघं.

पासपोर्ट झाले. वहिनींनी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून संमतीपत्र नोटरी करून आणलं, दादाच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत दिली. सगळं एका पिशवीत घालून माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "भाऊजी, तिला काय कळत नाय, सांभाळून घ्या. खायला कटकट करील जरा."

आमचा एजंट कॅम्प चारमध्येच बसतो. सिंधी, वयस्कर, चांगला माणूस. त्याने कागद चाळले आणि चष्मा काढला.

"साईं, बच्ची का फादर नहीं है ना, तो पेपर थोडा ज्यादा लगेगा. ट्रान्सलेशन, स्टॅम्प... टाईम जायेगा. और पाच लोग को एक रूम नहीं मिलता उधर. दो लेना पडेगा. टेन्शन नको, हो जायेगा."

हो जायेगा, असं तो म्हणाला होता. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय.

दोन खोल्या म्हणजे एका खोलीत मी दोघा मुलांना घेऊन, दुसरीत मनीषा आणि प्रांजल. म्हणजे सुट्टी कसली? शिवाय तिची जबाबदारी, तिचं आजारपण, तिथे काही झालं तर वहिनींना काय तोंड दाखवायचं... कारणं पुष्कळ सुचली. खरं सांगायचं तर मला आमचे आम्ही चौघं हवे होते. एकदाच. मी म्हणालो, "चार का ही करो."

त्याने माझ्याकडे बघितलं. "पक्का, साईं?"

"पक्का."

मुलं बारा वर्षांच्या आतली, व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला त्यांना यावं लागलं नाही. मनीषा आणि मी जाऊन आलो. पाचही जणांचे कागद आत गेलेत असं तिला वाटत होतं. प्रांजलची पिशवी माझ्या कंपनीतल्या लॉकरमध्ये होती.

व्हिसा आले तेव्हा मी बदलापूरला गेलो. प्रांजल पायरीवर बसून शेंगा सोलत होती. म्हणालो, "बेटा, तुझा नाही झाला गं. आमचा झाला. तुझा रिजेक्ट केला त्यांनी."

ती रडली नाही. हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "काका... पासपोर्टवर माझी सही वाकडी आली होती. ते साहेब म्हणत होते चौकटीत कर, मी घाबरले होते. त्याच्यामुळे का?"

आणि मी म्हणालो, "असेल."

एवढंच. माझ्या आयुष्यात मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट हा एक शब्द आहे. आतून वहिनी म्हणाल्या, "किती वेला सांगितलं, नीट लिव्हायला शिक." मी चहा पिऊन निघालो. फाटकापर्यंत प्रांजल आली, म्हणाली, "ओजसला पुलावर डाव्या बाजूने न्या. तिकडून किल्ला दिसतो."

आता पुढचं.

प्रागचं हॉटेल छोटं, नदीपासून दोन गल्ल्या आत. रिसेप्शनवर एक मध्यमवयीन बाई. चार पासपोर्ट दिले. तिने ते बघितले, आमच्याकडे बघितलं, मग आमच्या मागे दाराकडे बघून हसली आणि किल्ली दिली. बॅगा खालीच ठेवून मुलांना बाहेर खाऊ घातलं आणि तासाभराने खोलीत गेलो तर एक डबल बेड, दोन छोटे पलंग, आणि खिडकीखाली घडीची एक कॉट – चादर घातलेली, उशी, पायाशी टॉवेल.

ओजसने सगळ्या पलंगांवर उड्या मारल्या. कॉटवर नाही. "ही प्रांजलताईची झाली असती," म्हणाला. मनीषा बॅगा उघडायला लागली.

मी खाली गेलो. म्हटलं, आमचं बुकिंग चौघांचं आहे, कॉट नको. बाई गोंधळली. "हो, माझ्याकडेही दोनच मुलं लिहिली आहेत. पण आत तिघं आली ना? मोठी मुलगी दाराशी होती, लाजत होती. म्हणून मीच सांगितलं वर कॉट घालायला. पैसे नाहीत त्याचे."

मी म्हणालो, तुमचा गैरसमज झालाय. दुसरी कुठली तरी मुलगी असेल. कॉट काढायला लावली.

रस्त्यावर माणसं येत-जात असतात, बाईला चुकून वाटलं असेल. हे कारण मला पुरलं. दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर तिकिटाच्या खिडकीत मी बोटं दाखवली – दोन मोठे, दोन लहान. आतल्या मुलीने काचेतून मान वाकडी करून बघितलं. "दोन आणि तीन. फॅमिली तिकीट घ्या, त्यात सगळे बसतात." मी मागे वळून बघितलं. मनीषा, शर्वरी, ओजस. आसपास कोणी नव्हतं. बाहेर एका टपरीवर दालचिनी लावून भाजलेले गोल पाव विकत होते. मुलांना दोन सांगितले, त्याने तीन दिले. परत द्यायला गेलो तर हात हलवून म्हणाला, असू दे, मोठीला द्या.

तो तिसरा पाव मी कागदात गुंडाळून दिवसभर हातात धरून फिरलो. टाकवेना. खाववेना.

संध्याकाळी खोलीत आलो तर कॉट परत घातलेली. तशीच, खिडकीखाली.

या वेळी मी खाली गेलो नाही. मनीषा मुलांना घेऊन जेवणाचं बघायला गेली होती. मी त्या कॉटवर आडवा झालो, का ते माहीत नाही. डोकं उशीवर टेकलं आणि समोर, खिडकीच्या चौकटीत, किल्ला. पूर्ण किल्ला, उन्हात. मी उठून बाकीच्या तिन्ही पलंगांवर निजून बघितलं – माझी सवयच ती, तपासून बघायची. कुठूनही दिसत नव्हता. फक्त तिथून.

काडेपेटी वाकडी करणारा तो हात आठवला. मी तिथेच बसून रडलो. वडील गेले तेव्हा, दादा गेला तेव्हा, मी लोकांसमोर रडलो नव्हतो, एकट्यानेही नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी पुलावर गेलो. डाव्या बाजूने. एका म्हाताऱ्या जोडप्याला फोटो काढायची विनंती केली. आजीबाईंनी फोन हातात घेतला आणि आमच्या शेजारी कुणाला तरी हाताने बोलवायला लागल्या. ये, ये, अशी खूण. थांबल्या. पुन्हा खूण. मग समाधानाने हसल्या आणि फोटो काढला.

"बाबा," शर्वरी म्हणाली, "त्या आजी कुणाला बोलवत होत्या?"

मी फोन परत घ्यायला पुढे गेलो. मनीषा माझ्याकडे बघत होती. तिने नंतर काही विचारलं नाही, आजपर्यंत.

फोटोत आम्ही चौघंच आहोत. पण आम्ही मधोमध नाही. उजवीकडे सरकलेले आहोत, आणि डावीकडे एका माणसापुरती जागा मोकळी आहे. त्या जागेतून मागे किल्ला दिसतो.

परत आल्यावर पहिल्या रविवारी बदलापूरला गेलो. चॉकलेटं, एक बाहुली, एक स्वेटर. अपराध्यासारखा सामान काढत होतो. वहिनी म्हणाल्या, "तुमी गेल्यापासून हिला काय झालं कळत नाय. दिवसभर घरातच, कुठं गेली नाय. अन् सांजच्याला पाय दुखतान म्हणून रडं. रोज तेल लावून चोळलं मी. सुट्टीत लोळून लोळून दुखतान जनू." प्रांजल लाजून हसली. तिला विचारलं, कसं वाटतंय आता? म्हणाली, "बरं आहे. तुम्ही आलात तेव्हापासून नाही दुखत."

मग तिने पेन आणलं. "काका, बघा." डावा तळहात पसरून त्यावर सही केली. पूर्ण नाव, मधे बापाचं नाव, एका सरळ रेषेत, छापल्यासारखी. "रोज करते. आता चालेल ना त्यांना?"

मी म्हणालो, "चालेल." म्हणजे तेच खोटं पुन्हा एकदा बोललो.

अंबरनाथला फोटो फ्रेम करायला दिला तेव्हा दुकानदार म्हणाला, "डावीकडचं रिकामं कापतो, म्हणजे फॅमिली मधोमध येईल." मी नको म्हणालो. तो तसाच हॉलमध्ये लावलाय. प्रांजल येते तेव्हा त्याच्यासमोर जरा वेळ उभी राहते. एकदा फक्त म्हणाली, "डाव्या बाजूने नेलंत ना."

या गोष्टीला दोन वर्षं होत आली. कारण मी अजून शोधतोय. तीन अनोळखी माणसं एकच चूक कशी करतील? आणि ती आजी? फोन वाकडा धरला गेला असेल, मुलीचे पाय वाढीच्या वयात दुखले असतील... प्रत्येकाला वेगळं कारण देता येतं. सगळ्यांना मिळून एक देता येत नाही. भीती वाटते का, म्हणाल तर नाही. त्या मुलीची कसली भीती? ती आली होती की नाही मला माहीत नाही. मी तिला नेलं नाही, हे माहीत आहे.

ती पिशवी अजून माझ्या लॉकरमध्ये आहे. वहिनींचं संमतीपत्र, दादाचा दाखला, आणि तिच्या पासपोर्टची झेरॉक्स. कालच पुन्हा काढून बघितली. सही जराही वाकडी नाही. थोडी थरथरलेली आहे, पण चौकटीच्या आत आहे.

प्रांजलला मला हे सांगायचं बाकी आहे – की तिची सही नीट होती, आणि तिचे कागद मी कधी दिलेच नव्हते.