सप्टेंबरातला कागदी तारा

जुनी पत्रकं शोधताना कपाटात तो कागदी तारा हाताला लागला आणि आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डचा सप्टेंबर डोक्यात पुन्हा टोचू लागला. समोरच्या फ्लॅटमधल्या फिलिपिनो नर्सताईंनी तो खिडकीत टांगला होता. कामट्यांचा, थेट आपल्या आकाशकंदिलासारखा. "हे काय, दिवाळी?" मी विचारलं. "ख्रिसमस! आमचा आत्ताच सुरू होतो. तू जेवलीस का?" म्हणत त्यांनी खमंग लसणीभाताची ताटली हातात दिली. दोन दिवसांत घरमालकाचा माणूस त्यांना धमकावून गेला: हे लोंबतं काढा, नाहीतर भाडेकरार वाढणार नाही. मी भडकले. कसली दादागिरी ही! नर्सताईंना न विचारताच घरमालकाविरुद्ध पत्रक लिहून जिन्यात चिकटवलं. ते फाडून त्या तडक माझ्या दारात आल्या. "घर माझं जाईल, पोरी. एवढा जोर असेल तर तुझ्या खिडकीत लाव." तारा माझ्या हातात कोंबून त्या गेल्या. माझाही करार पुढच्याच महिन्यात संपत होता. मी तारा कपाटात ठेवला, वर टॉवेल टाकला. आताचा घरमालक कशालाच हरकत घेत नाही. तारा लावायला आता धाडस लागत नाही, म्हणूनच हात पुढे होत नाही.